धाग्याची परीक्षा : वैद्यकीय आणि संरक्षक उपयोगांतील बहुवारिक तंतू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. शिक्षकाचे स्मारक दगडाचे न उभारता दरवर्षी एका विषयाचा विचार करून ते जागते ठेवावे, ही सर्वणच्या या शाळेची प्रथा मला मोलाची वाटते. डिचोली तालुक्यात माझे बालपण गेले आणि पुढील आयुष्य मुंबईत वस्त्ररसायन शिकवण्यात गेले. त्यामुळे येथे बोलताना परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटत नाही. मात्र घरच्या माणसांसमोर बोलताना जबाबदारी अधिक असते, याचीही जाणीव आहे.

आजच्या विषयाचे नाव कानाला जड वाटेल, पण वस्तू आपल्या घरातल्याच आहेत. खताचे पोते, होडी बांधायचा दोर, दवाखान्यात तोंडाला लावायची पट्टी आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटात बसवली जाणारी जाळी, या चारही वस्तू बहुधा एकाच द्रव्याच्या असतात. त्या द्रव्याचे नाव पॉलिप्रॉपिलीन. मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग दाखवीत असे. पोत्याची एक पट्टी, मुखपट्टीचा एक तुकडा आणि शल्यचिकित्सकाच्या निळ्या टाक्याचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तापपट्टीवर ठेवायचा आणि उष्णता हळूहळू वाढवत न्यायची. १६० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की तिन्ही तुकडे जवळजवळ एकाच वेळी वितळू लागत. मुले चकित होत आणि मग योग्य तो प्रश्न विचारीत : द्रव्य एकच, तर एकाची किंमत दोन रुपये आणि दुसऱ्याची दोनशे का? एक माणसाच्या शरीरात चालते आणि दुसरे का चालू नये?

त्या प्रश्नाचे उत्तर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय होय. द्रव्याला योग्यता येते ती त्याच्या रचनेमुळे, आणि ती योग्यता सिद्ध होते परीक्षेने. जाडी, किंमत आणि नाव या तीन गोष्टींवर आपण विसंबतो, पण त्या तिन्ही वेळोवेळी दगा देतात.

साखळीचे रेणू

तंतू ही माणसाने शोधलेली वस्तू नव्हे. नारळाच्या सोडणाचा काथा, सावरीचा कापूस, रेशीम, लोकर आणि आपल्या डोक्यावरचे केस हे सारे तंतूच आहेत. या सर्वांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. एक लहान रेणू घ्यायचा आणि त्यासारखे हजारो रेणू एकापुढे एक जोडून लांबच लांब साखळी करायची. त्या लहान रेणूला आपण एकवारिक म्हणतो आणि साखळीला बहुवारिक. कापसाची साखळी ग्लुकोज शर्करेच्या कड्यांची असते, तर रेशमाची व केसांची प्रथिनांची.

आज ही गोष्ट शालेय पुस्तकात येते, पण शंभर वर्षांपूर्वी ती मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही पटत नव्हती. जर्मनीतील हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० साली असा विचार मांडला की रबर, कापूस यांसारखी द्रव्ये म्हणजे लहान रेणूंचे गोळे नसून खरोखरीच प्रचंड लांबीचे रेणू आहेत. त्यांना बराच विरोध झाला. पुढे १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी या विचारावर विश्वास ठेवून १९३५ साली नायलॉन तयार केले. इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली पॉलिएस्टरचा तंतू केला. आपल्याकडे एका पिढीने तो टेरिलिन आणि टेरिकॉट या नावांनी अंगावर वागवला.

साखळ्या तयार झाल्या म्हणजे तंतू झाला, असे मात्र नाही. वितळलेले बहुवारिक बारीक छिद्रांच्या तबकडीतून दाबून बाहेर काढतात. आपल्या घरी साच्यातून शिरवाळ्या पाडतात तशीच ही क्रिया असते. पण नुकत्याच पडलेल्या त्या धाग्यात साखळ्या उकडलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात आणि तो धागा दुबळा असतो. कॅरोदर्स यांचे सहकारी ज्यूलियन हिल यांनी १९३० साली पाहिले की असा थंड झालेला धागा ताणला तर तो कित्येक पट लांबतो आणि ताणल्यावर दुबळा होण्याऐवजी बळकट होतो. कारण ताणताना आतल्या साखळ्या सरळ होऊन एकमेकींना समांतर येतात. विस्कटलेला पेंढा आणि नीट बांधलेली पेंढी यांत जो फरक, तोच हा.

हा विचार टोकाला नेला की गोळी अडवणारे कापड तयार होते. स्टेफनी क्वोलेक या संशोधिकेने १९६५ साली एक असे द्रावण तयार केले की ते इतर द्रावणांसारखे दाट व स्वच्छ नव्हते. ते पातळ आणि गढूळ होते. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला ते यंत्रात घालण्याची भीती वाटली, कारण छिद्रे बुजतील अशी त्याची समजूत होती. क्वोलेक यांनी आग्रह धरला. त्या गढूळपणाचे कारण असे होते की त्या ताठर साखळ्या द्रावणातच एकमेकींना समांतर उभ्या राहत होत्या. त्यातून निघालेला तंतू पुढे केव्हलार या नावाने प्रसिद्ध झाला. वजनास वजन तोलले तर तो पोलादाहून पाचपट बळकट असतो.

या शास्त्राचा पाया आपल्या मातीतल्या माणसांनीही भक्कम केला आहे. आमोण्याचा पूल ओलांडून पलीकडे गेले की माशेल गाव लागते. तेथे १९४३ साली जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत शिकले आणि बहुवारिकांच्या अभियांत्रिकीतील संशोधक म्हणून जगन्मान्य झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते १९८९ पासून संचालक होते आणि १९९५ ते २००६ या काळात देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. मुलांनो, तुमच्या शाळेपासून ते गाव किती दूर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे.

शरीराच्या आतला धागा

जखम शिवण्याची कला आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत टाके घालण्यासाठी अश्मंतकाच्या सालीचे धागे, ताग, क्षौम म्हणजे जवसाचे सूत, स्नायू आणि केस अशी सामग्री सांगितली आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून घ्यायच्या आणि मुंगीचे डोके तेथेच ठेवून धड तोडून टाकायचे, असाही एक उपाय तेथे येतो. त्या वैद्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. बाहेरचा टाका काढता येतो, आतला काढता येत नाही. म्हणून आतला टाका असा हवा की काम झाले की तो आपणहून निघून जाईल.

युरोपात हे काम मेंढीच्या किंवा गायीच्या आतड्यापासून केलेला धागा करीत असे. जोसेफ लिस्टर यांनी एकोणिसाव्या शतकात तो कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक करून वापरला. परंतु प्राणिज धाग्याची दोन दुखणी होती. तो शरीराला परका वाटून सूज येई आणि तो नेमका किती दिवसांनी विरघळेल हे सांगता येत नसे.

यावरचा उपाय १९७० च्या सुमारास आला. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा कृत्रिम धागा बाजारात आला आणि त्यामागून लॅक्टिक आम्ल मिसळलेले धागे आले. ही नावे परकी वाटली तरी ग्लायकॉलिक आम्ल उसाच्या रसात असते आणि लॅक्टिक आम्ल आपल्या दह्यात. या आम्लांच्या साखळीचे वैशिष्ट्य असे की शरीरातील पाणीच तिच्या कड्या एकेक करून सोडवते. सुटलेली आम्ले शरीराच्या नेहमीच्या व्यवहारात मिसळतात आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बाहेर पडतात. दोन आम्लांचे प्रमाण बदलले की धाग्याचे आयुष्य बदलते. काही धाग्यांचा जोर दोनतीन आठवडे टिकतो आणि सुमारे दोन ते तीन महिन्यांत ते नाहीसे होतात. काही धागे सहा महिन्यांहून अधिक काळ राहतात. आतडे, त्वचा आणि स्नायूंवरचे आवरण यांना भरून यायला वेगवेगळा काळ लागतो, आणि शल्यचिकित्सक त्यानुसार धागा निवडतो. धाग्याने कधी जावे हे ठरवता येऊ लागले, ही या विद्येची मोठी मजल होय.

काही ठिकाणी मात्र धाग्याने कधीच जाऊ नये अशी गरज असते. मोठी धमनी फुगून फुटण्याच्या बेतात आली की तिच्या जागी नळी बसवावी लागते. अमेरिकेतील मायकेल डीबेकी यांनी १९५० च्या दशकात अशी कापडी नळी पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवली. ते दुकानात गेले होते नायलॉन आणायला, पण ते संपले होते म्हणून दुकानदाराने डॅक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर, दिले. हा योग चांगला ठरला, कारण नायलॉनचा जोर शरीरात कालांतराने कमी होतो आणि पॉलिएस्टर दीर्घकाळ टिकते. अर्थात योगायोगावर शास्त्र उभे राहत नाही. पुढे अनेक वर्षे या नळ्यांची पाहणी झाली आणि मगच त्या सर्वत्र रूढ झाल्या.

दोंडाईचाची मच्छरदाणी

आता एका अशा उदाहरणाकडे वळतो की जे मराठी मुलखातले आहे आणि ज्यात या सर्व विषयाचे सार आले आहे.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीत पडलेली कच्ची जागा. जोर पडला की आतडे तेथून पुढे येते. ओझी उचलणारे, होडी ओढणारे, माडावर चढणारे, खाणीवर काम करणारे, अशा कष्टकऱ्यांना हा त्रास पुष्कळ आढळतो. आतडे त्या फटीत अडकून पिळले गेले तर जिवावर बेतते. पूर्वी त्या फटीच्या कडा ओढून एकमेकींना शिवत. पण जुने धोतर फाटले आणि कडा ताणून शिवले तर ते शेजारी फाटते, तसेच येथेही होई. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रान्सिस अशर यांनी कडा न ताणता वर बहुवारिकाच्या जाळीचे ठिगळ लावण्याची रीत आणली आणि पुढे त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी रूढ झाली. जाळीच्या छिद्रांतून शरीराच्या पेशी वाढतात आणि ठिगळ मांसाशी एकजीव होते. छिद्रे फार बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत आणि जंतूंना मात्र आसरा मिळतो. म्हणजे येथेही महत्त्व रचनेचे.

ही जाळी परदेशी कंपन्यांकडून येई आणि तिची किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे शस्त्रक्रिया करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर आणि त्यांचे ग्रामीण भागात काम करणारे सहकारी यांच्यापुढे रोज असे रुग्ण येत. त्यांनी त्या जाळीकडे रसायनाच्या दृष्टीने पाहिले. बाजारात मिळणारे मच्छरदाणीचे एक कापड पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन यांच्या मिश्र बहुवारिकाचे होते. महागड्या जाळीच्या ते कुळातलेच होते आणि त्याची वीणही छिद्रांची होती. त्यांनी ते कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरले. एका रुग्णापुरता तुकडा अगदी नगण्य किमतीत तयार होई.

येथवर ही काटकसरीची गोष्ट झाली. तिला शास्त्राचे रूप आले ते पुढच्या पायरीमुळे. त्यांनी निरनिराळ्या केंद्रांतील शल्यचिकित्सकांना बरोबर घेऊन रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि २००३ साली त्यांचे निष्कर्ष भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मग ही कल्पना आफ्रिकेत गेली. पूर्व युगांडात स्वीडन व युगांडा येथील संशोधकांनी ३०२ पुरुषांवर चाचणी केली. कोणाला स्वस्त जाळी बसवायची आणि कोणाला महाग, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या जगप्रसिद्ध नियतकालिकात निकाल छापून आला. एका वर्षानंतर हर्निया पुन्हा होण्याच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासाच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या गोष्टीवरून कोणतीही मच्छरदाणी कापून पोटात घालावी असा अर्थ कोणी काढू नये. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी शरीरात विष ठरेल. निर्जंतुक करण्याच्या यंत्रात १२१ अंशांची वाफ असते. साधे पॉलिएथिलीन त्या उष्णतेत मऊ पडते किंवा आक्रसते, पॉलिप्रॉपिलीन टिकते. म्हणून कापड नेमके कशाचे आहे, रंगात व तेलात काय मिसळले आहे, वाफेनंतर त्याची वीण कशी राहते, हे सर्व तपासावे लागते. शिवाय २०२० पासून आपल्या देशात वैद्यकीय साधनांवर औषधांप्रमाणेच कायद्याचे नियंत्रण आले आहे. दोंडाईचाच्या डॉक्टरांचा मोठेपणा कापड स्वस्त होते यात नाही. तपासल्याशिवाय स्वस्तावर विश्वास ठेवायचा नाही आणि तपासल्याशिवाय महागालाही शरण जायचे नाही, ही त्यांची वृत्ती मला मोठी वाटते.

धूळ, रुमाल आणि मुखपट्टी

शरीराच्या आतून आता बाहेर येऊ. डिचोली तालुक्यातील माणसाला धूळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ रस्त्याकडेच्या काजूवर, कौलांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली आपण पाहिली आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, काही वर्षांनी सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या आणि लिलावानंतर २०२४ साली डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम परत सुरू झाले. चिऱ्यांच्या खाणीत यंत्राने दगड कापताना उठणारी धूळ तर खाणबंदीच्या काळातही होतीच.

या धुळीत डोळ्यांना दिसणारा भाग तुलनेने कमी घातक असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकातच अडकतात. चारपाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या अगदी शेवटच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. त्यांत गारेची म्हणजे सिलिकेची भुकटी असेल तर फुप्फुसात कायमचे व्रण होतात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारे औषध नाही.

अशा वेळी आपला कामगार काय करतो? रुमाल बांधतो. स्त्रिया पदर धरतात. रुमालाच्या उभ्याआडव्या सुतांमधली छिद्रे दहा-वीस मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत असतात. त्यांतून पाच मायक्रॉनचा कण जाणे म्हणजे मोठ्या आसाच्या पागातून बारीक मासोळी निसटणे. रुमाल घामाने ओला आणि धुळीने लाल होतो, म्हणून तो काम करतो असे वाटते. त्याने अडवलेले असते ते नाकानेही अडवले असते.

तर मग छिद्रे पाच मायक्रॉनहून लहान करावीत, असे कोणी म्हणेल. पण तशा कापडातून श्वासच घेता येणार नाही. येथे बहुवारिक तंतूने एक वेगळाच मार्ग दाखवला. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत वेंट नावाचे संशोधक हवेतील किरणोत्सारी कण टिपण्यासाठी अतिसूक्ष्म तंतू शोधीत होते. वितळलेले बहुवारिक बारीक छिद्रांतून बाहेर पडत असतानाच त्यावर दोन्ही बाजूंनी अतितप्त हवेचा जोरदार झोत सोडायचा, म्हणजे धागा ताणला जाऊन एक ते पाच मायक्रॉन जाडीचा होतो, अशी ही रीत आहे. हे तंतू विणत नाहीत. ते कोळ्याच्या जाळ्यासारखे एकमेकांवर अस्ताव्यस्त पडतात आणि गरम असतानाच चिकटतात. अशा थरात छिद्रे कणांहून मोठी असतात, तरीही कण अडकतात.

ते कसे, हे पाहू. हवा तंतूला वळसा घालून पुढे जाते. जड कणाला ते वळण घेता येत नाही आणि तो तंतूवर आदळतो. मध्यम कण वळण घेतो पण जाताजाता तंतूला घासतो आणि चिकटतो. अत्यंत हलका कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरत वेडावाकडा फिरतो आणि केव्हा तरी तंतूवर जाऊन बसतो. सर्वांत अवघड असतो तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण. तो आदळण्याइतका जड नसतो आणि भटकण्याइतका हलकाही नसतो. म्हणून मुखपट्टीची परीक्षा त्याच आकाराच्या कणांनी घेतात. अमेरिकेच्या एन ९५ या खुणेतील ९५ चा अर्थ असा की असे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. भारतीय मानक आय. एस. ९४७३ मध्ये एफएफपी २ या दर्जासाठी किमान ९४ टक्के अपेक्षित आहे.

या अवघड कणासाठी आणखी एक युक्ती योजली आहे, ती विजेची. कोरड्या केसांवर फणी घासली की ती कागदाचे कपटे ओढते, हे प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असते. पॉलिप्रॉपिलीनमधून वीज वाहत नाही. त्यामुळे उच्च दाबाने त्याच्यावर विद्युत्भार बसवला तर तो दीर्घकाळ तेथेच राहतो आणि जवळून जाणाऱ्या कणाला खेचून घेतो. तैवानात जन्मलेले पीटर त्साय यांनी अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात या भारित तंतूंवर काम केले आणि १९९५ साली त्याचे एकस्व घेतले. अशा मुखपट्टीत जाडी न वाढवता, श्वास न कोंडता, अडवण्याची शक्ती कित्येक पट वाढते.

हे समजले की व्यवहारातल्या काही गोष्टी आपोआप उलगडतात. अशी पट्टी स्पिरिटने पुसली किंवा साबणाने धुतली तर ती स्वच्छ दिसते, पण तिचा भार निघून जातो. तिचे रूप तेच राहते आणि गुण जातो. तसेच, पट्टी कितीही उत्तम असली तरी नाकाशेजारी फट राहिली तर हवा तेथूनच जाणार. खिडकी घट्ट लावून दार सताड उघडे ठेवण्यासारखे ते आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की मुखपट्टी ही शेवटची तटबंदी होय. रस्त्यावर पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री नीट बांधणे, दगड ओला ठेवून कापणे, हे आधी. धूळ जेथे उठते तेथेच ती बसवली पाहिजे. कामगाराच्या हाती एक पट्टी दिली की आपले कर्तव्य संपले असे समजणाऱ्याला हे शास्त्र दुजोरा देत नाही.

शिवणीचे छिद्र

२०२० साल आपण सर्वांनी पाहिले. करोनाच्या साथीत मडगावच्या ई. एस. आय. रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार पांढऱ्या अंगरख्यांत आपादमस्तक झाकून काम करीत होते. त्या वर्षाच्या प्रारंभी अशा दर्जाचे अंगरखे आपल्या देशात जवळजवळ तयारच होत नव्हते. मे महिन्यापर्यंत रोज चार लाखांहून अधिक तयार होऊ लागले. ही उडी थोर होती. पण तिच्या आड एक बारीकशी अडचण उभी होती आणि ती मला फार बोधप्रद वाटते.

अंगरख्याचे कापड म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या थरावर चिकटवलेला पातळ पापुद्रा. ते द्रव आरपार जाऊ देत नाही. कोइम्बतूरच्या सिट्रा या संस्थेत त्याच्यावर कृत्रिम रक्त दाबाखाली सोडून परीक्षा घेत. कापड उत्तीर्ण होई आणि अंगरखा मात्र नापास होई. कारण कापडाचा अंगरखा करताना सुईने ते शिवावे लागते आणि सुईचे प्रत्येक टोचणे म्हणजे एक छिद्र. त्या शिवणीवर गरम हवेने एक विशिष्ट पट्टी चिकटवावी लागते. ती पट्टी आणि ती चिकटवण्याची यंत्रे, दोन्ही दुर्मीळ होती. तेव्हा संरक्षण संशोधन व विकास संघटनेने पाणबुड्यांत वापरल्या जाणाऱ्या सांधेभरणीच्या द्रव्यावरून एक लेप तयार केला आणि अडलेले काम पुढे सरकले. एवढ्या मोठ्या उद्योगाचा जीव सुईच्या टोकाएवढ्या भोकात अडकला होता.

त्याच अंगरख्यात परिचारिका घामाने निथळत, हेही आपण ऐकले असेल. रक्त आत येऊ न देणारा पापुद्रा घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. यावर उपाय आहे. पापुद्र्याला अतिसूक्ष्म छिद्रे पाडली तर द्रवाचा थेंब पृष्ठताणामुळे त्यांत शिरत नाही, पण सुटासुटा फिरणारा वाफेचा रेणू सहज पार होतो. असे कापड महाग पडते. गोव्याच्या दमट मे महिन्यात सहा तास तो पोशाख घालणाऱ्याला विचारले तर ती किंमत योग्य आहे की नाही ते कळेल. परीक्षेत गळती मोजली आणि घाम मोजला नाही, तर ती परीक्षा अपुरी असते. कारण उकाड्याने जीव कासावीस झालेला माणूस गळपट्टी सैल करतो आणि तेथेच संरक्षण संपते.

या कामासाठी आज आपल्या प्रदेशात चांगल्या संस्था आहेत. मुंबईत सस्मिरा आणि बिट्रा, कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजीचे डी. के. टी. ई. येथे तांत्रिक वस्त्रांचे शिक्षण व चाचणी चालते, आणि इचलकरंजीचे केंद्र तर खास न विणलेल्या कापडांसाठी आहे. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनी वैद्यकी आणि संगणक यांच्या पलीकडे पाहायचे ठरवले तर हे क्षेत्र त्यांची वाट पाहत आहे.

काळाची परीक्षा

अखेरीस एका अशा परीक्षेचा उल्लेख करतो की जिच्यात आपण अद्याप उत्तीर्ण झालेलो नाही. शरीरातल्या टाक्याने कधी विरघळावे हे आपण ठरवू शकलो. पण मुखपट्टी काही तास वापरून टाकली जाते आणि तिचे पॉलिप्रॉपिलीन पुढे दीर्घकाळ राहते. उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे बारीक तुकडे पडतात आणि ते नदीवाटे खाडीत, खाडीवाटे समुद्रात जातात. फुप्फुसात धूळ जाऊ नये म्हणून जो तंतू केला, तोच स्वतः एक प्रकारची धूळ होतो. दह्यातल्या आम्लाच्या बहुवारिकापासून मुखपट्ट्या करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांच्यावर भार टिकतो का, दमट हवेत त्या किती दिवस राहतात, त्यांची किंमत कामगाराला परवडते का, हे प्रश्न पुढच्या पिढीने सोडवायचे आहेत. ती पिढी येथे समोर सतरंजीवर बसलेली आहे.

श्रोतेहो, शाळेत परीक्षा हा शब्द आपण धास्तीने उच्चारतो. परंतु या सर्व इतिहासात परीक्षा हीच दुर्बलाची खरी कैवारी ठरली, असे मला दिसते. दोंडाईचाच्या मजुराला स्वस्त जाळी निर्धास्तपणे लाभली ती परीक्षेमुळे. परिचारिकेच्या अंगरख्यातले छिद्र सापडले तेही परीक्षेमुळेच. ज्याच्याजवळ पैसा आहे तो महाग वस्तू घेऊन मनाची समजूत घालू शकतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला वस्तू खरी की खोटी हे कोणीतरी प्रामाणिकपणे तपासून सांगणे, एवढाच आधार असतो. गावोगावच्या शिक्षकांनी मुलांना विचारायला आणि पडताळून पाहायला शिकवले, तेव्हा त्यांनी हाच आधार निर्माण केला. ज्या गुरुजींचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्यांचे कार्यही याच जातीचे होते, असे मी मानतो.